लाल बाण

“हे सगळं नक्की कुणापाशी अडलंय, हे इथे बसलेल्यांपैकी एकाला तरी सांगता येईल का?” अभयने विचारलं.

भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या टीमचे बोर्ड शेजारी शेजारी उघडलेले होते. आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक टिकेट असायचं. चालू असलेलं काम पिवळं, झालेलं हिरवं, अडलेलं लाल. त्या सकाळी पडद्यावर लालच लाल दिसत होतं. ड्रायव्हरांचं मोबाइल ॲप करणाऱ्यांनी लिहिलं होतं, ‘कॉल पोचत नाही.’ नियंत्रण कक्षाचा स्क्रीन करणाऱ्यांनी लिहिलं होतं, ‘गाड्यांची यादी रिकामी.’ टेस्टिंगवाल्यांनी लिहिलं होतं, ‘तपासायला काही नाही.’ प्रत्येकाने आपापल्या बोर्डावर आपापल्या शब्दांत रडगाणं मांडलं होतं, आणि वाचून वाटावं की ही अडचण ज्याची त्याची एकट्याचीच आहे.

मी खिडकीपाशी बसून पेनाचं टोपण काढत होतो, घालत होतो.

“मग आता असं करू,” अभय म्हणाला. “प्रत्येक अडलेलं टिकेट ज्या टिकेटमुळे अडलंय, त्याला लिंक करायचं. दुसऱ्या टीमचं असलं तरी. पडद्यावर बाण दिसतील. बाण कुठे जाऊन पोचतात ते बघू.” त्याने खोलीभर नजर फिरवली. “केतकी, हे तू कर. तू नवीन आहेस. सगळ्यांकडे जाऊन विचारलंस तर सगळा प्रोजेक्ट तुला कळेल.”

“हो,” केतकी म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

केतकी माझी मुलगी. कॉलेज संपवून, रीतसर परीक्षा आणि मुलाखती देऊन ती आमच्या कंपनीत टेस्टिंगला लागली होती. माझा त्यात काही हात नव्हता. किंबहुना ती लागली हे मला तिने पत्र आल्यावरच सांगितलं. ऑफिसात आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नसू. मी गाडीने जायचो, ती कंपनीच्या बसने. “ऑफिसात घर नको, बाबा,” असं तिनेच ठरवलं होतं, आणि मला ते तिच्या स्वाभिमानाचं लक्षण वाटलं होतं. आपली पोरगी कुणाच्या ओळखीवर उभी नाही, असं मी नलिनीला, म्हणजे तिच्या आईला, कौतुकाने सांगितलंही होतं.

बाण कुठे पोचणार हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. ते माझ्याकडे येणार होते.

आम्ही एका डोंगराळ जिल्ह्यासाठी ॲम्ब्युलन्सची व्यवस्था बांधत होतो. फोन आला की जवळची गाडी कोणती हे ठरवून तिच्या ड्रायव्हरला निरोप जाणार होता. ते ठरवणारा जुना प्रोग्राम मी लिहिलेला होता, बारा-तेरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका जिल्ह्यासाठी. त्या वेळी कंपनीत माझं नाव होतं. अभय नाईकवडीला कामावर मीच घेतलं होतं. तो आता आम्हा सगळ्यांचा मॅनेजर झाला तरी मला ‘ढवळे सर’च म्हणायचा. तोच प्रोग्राम आता नव्या भाषेत, नव्या पद्धतीने पुन्हा लिहायचा होता. टिकेटवर नाव माझं होतं, रंग पिवळा होता, आणि दर आठवड्याला मी त्याखाली लिहीत होतो, ‘काम चालू आहे.’

काम चालू नव्हतं. मला ते येत नव्हतं. मी ऑनलाइन कोर्स लावून पाहिला, पुस्तक आणलं, सुट्टी घेऊन घरी बसलो. वाचताना समजल्यासारखं वाटायचं, पण लिहायला बसलो की हात थांबायचा. सुरुवातीला वाटलं, आठवडाभरात जमेल. मग वाटलं, महिन्याभरात. नंतर नंतर इतके दिवस उलटून गेले होते की ‘येत नाही’ असं सांगायचं म्हणजे इतके दिवस काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं.

दोन दिवसांनी केतकी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. आजूबाजूला लोक होते. मला बाबा म्हणायचं की सर, या पेचात तिने काहीच म्हटलं नाही.

“ते गाडी ठरवण्याचं टिकेट,” ती म्हणाली. “कुठपर्यंत आलंय?”

“होत आलंय.”

“किती उरलंय?”

“थोडं. जोडाजोडी बाकी आहे.”

ती माझ्या स्क्रीनकडे बघत होती. तिथे जुना प्रोग्राम उघडा होता आणि शेजारी नवी फाइल, जिच्यात चार-पाच ओळी होत्या. मी खिडकी बंद केली. म्हणजे स्क्रीनवरची.

“ॲपवाले म्हणाले, त्यांची सात टिकेटं याच्यावर अडलीत,” ती हळू आवाजात म्हणाली. “स्क्रीनवाल्यांचीपण. आमच्या टीमची तर सगळीच.”

“लिंक कर ना मग. तुझं काम आहे ते.”

तिने लॅपटॉप मिटला. “बाबा, तुम्हाला काही मदत...”

“केतकी, ऑफिस आहे हे,” मी म्हणालो.

ती गेली. तिच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच भाषेत होता. तो तिने घरी मला मोठ्या उत्साहाने दाखवला होता आणि मी “वा, वा” म्हणालो होतो. तिला विचारायचं माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. रोज यायचं. जेवताना ताटापलीकडे ती बसलेली असायची. पण लहानपणी गणित अडलं की ती माझ्याकडे यायची, आणि मी कधी “उद्या सांगतो” म्हटलं नव्हतं. तिच्यासमोर ‘मला येत नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

पुढच्या बैठकीत अभयने पडदा उघडला. ड्रायव्हरांच्या ॲपपासून दोन-चार किरकोळ बाण इकडेतिकडे गेलेले दिसत होते. माझ्या टिकेटकडे एकही आला नव्हता. ते एकटंच पिवळं, शांत बसलं होतं.

“हे काय?” अभय म्हणाला. “केतकी, मुख्य लिंक कुठे आहेत?”

“राहिल्या,” केतकी म्हणाली.

“राहिल्या म्हणजे? आठवडा झाला. तू सगळ्यांशी बोललीस ना?”

“बोलले.”

“मग?”

“नीट कळलं नाही मला. पुन्हा विचारते.”

अभय चिडखोर माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याला सकाळीच जिल्ह्यावरून फोन आला होता. तिथे अजून हातानेच, कर्मचाऱ्यांच्या आठवणीवर, गाड्या पाठवत होते. आदल्या आठवड्यात एका बाळंतिणीसाठी नदीपलीकडची गाडी निघाली होती आणि पूल पाण्याखाली होता. गाडी वळसा घालून पोचेपर्यंत ती बाई जीपमध्येच बाळंत झाली. दोघं वाचली, पण तिथल्या डॉक्टरांनी अभयला फोनवर बरंच ऐकवलं होतं.

“हा पोरखेळ नाही, केतकी,” तो म्हणाला. “तुला एक साधं काम दिलं होतं. लिहायचं काही नव्हतं, डोकं चालवायचं नव्हतं. फक्त विचारायचं आणि जोडायचं. तेवढंही होत नसेल तर स्पष्ट सांग, दुसऱ्या कुणाला देतो.”

तिचे कान लाल झाले. ती लहान असल्यापासून रागाने किंवा अपमानाने तिचे आधी कान लाल होतात. तिला सगळं कळलेलं होतं हे मला ठाऊक होतं. माझ्या टेबलापाशी उभी राहून तिने आकडासुद्धा सांगितला होता.

मी टोपण घातलं, काढलं. बैठक संपली.

त्या रविवारी दुपारी नलिनी तिच्या बहिणीकडे गेली होती. केतकी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि माझ्या शेजारी बसली.

“बाबा, हे बघा,” ती म्हणाली.

मी चष्मा लावला. तो माझाच प्रोग्राम होता, नव्या भाषेत. पूल बुडाला की नदीपलीकडच्या गाड्या वगळायच्या, घाटात अंतर दुप्पट धरायचं, बाजाराच्या दिवशी गावातला रस्ता टाळायचा. मी त्या जुन्या जिल्ह्यात हिंडून, ड्रायव्हरांशी बोलून बसवलेले सगळे नियम तिने एकेक करून उचलले होते. मी जे चार पानांत लिहिलं होतं ते तिने पानभरात बसवलं होतं. दर शनिवार-रविवार ती मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगत होती, ती याच्यासाठी.

“चालतं का हे?” मी विचारलं.

“चालतं. मी सगळं तपासलंय. उद्या सकाळी तुम्ही हे तुमच्या नावाने चढवा. तुमचं टिकेट हिरवं होईल. मग मी लिंक करीन. सगळ्या एकदम. बाण दिसतील तेव्हा तुमच्या टिकेटवर लाल काही नसेलच. कुणाला काही कळणार नाही.”

“म्हणून तू लिंक केल्या नाहीस.”

“केल्या असत्या तर पडद्यावर सगळे बाण तुमच्या नावावर आले असते, बाबा. सगळ्यांसमोर.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

“नीट समजून घ्या,” ती म्हणाली. “कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.”

तिने मला सगळं समजावून सांगितलं. आधी भरभर, मग माझा चेहरा बघून सावकाश. नियम माझेच होते, ते मला समजत होते. पण ते तिने ज्या पद्धतीने गुंफले होते ती पद्धत माझ्या हातून निसटत होती. तिने तिसऱ्यांदा विचारलं, “कळलं?” आणि मी म्हणालो, “कळलं.”

सोमवारी सकाळी मी ते माझ्या नावाने चढवलं. माझं टिकेट हिरवं झालं. थोड्याच वेळात सगळीकडून बाण निघाले आणि एकामागून एक माझ्या टिकेटला येऊन मिळाले. त्यांच्या दुसऱ्या टोकांची लाल टिकेटं पिवळी होत गेली. अभय जवळजवळ धावतच आला. त्याने सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि पडदा लावला.

“बघा,” तो म्हणाला. “सगळं एकाच ठिकाणी अडलेलं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. आणि आज एका दमात सुटलं. मी काल रात्री लाल बोर्ड बघून झोपलो, सकाळी बघतो तर काम झालेलं. मी वाचलं आत्ता. काय सुंदर लिहिलंय! ढवळे सरांनी या वयात नवी भाषा शिकून हे केलंय. आपल्या तरुण लोकांनी जरा शिकावं.”

टाळ्या पडल्या. केतकी मागे उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

“सर, एक शंका आहे,” अभय म्हणाला. त्याच्या बोलण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. “दोन गाड्या सारख्याच अंतरावर असल्या तर हा कुठली निवडतो? जुन्यात तुम्ही पहिली सापडेल ती घ्यायचा. इथे काहीतरी वेगळं केलंय. मला फार आवडलं ते. सगळ्यांना जरा समजावून सांगा ना.”

मी पडद्याजवळ गेलो. ओळी वाचल्या. रविवारी ती याबद्दल काहीतरी बोलली होती. मी पुन्हा वाचल्या. खोलीत एसीचा आवाज येत होता. मागून कुणीतरी खोकलं. मी वळून केतकीकडे पाहिलं. तिचे ओठ किंचित हलले, तोंडी परीक्षेत मैत्रिणीला उत्तर पुरवावं तसे. मला ते वाचता आलं नाही.

“मला सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“हे मी लिहिलेलं नाही, अभय. मला ही भाषा येत नाही. मी इतके दिवस खोटं लिहीत होतो.” आता थांबता येत नव्हतं. “हे केतकीने लिहिलंय.”

सगळ्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला आजही दिसतो. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. खरं सांगायचं तर, तिला माझा अभिमानही वाटेल असं मला त्या क्षणी वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली होती.

अभयने बाकीच्यांना जायला सांगितलं. मला वाटलं, तो मला बोलेल. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं. “सर, तुम्ही मला आधी सांगायचं होतं. मी काय परका आहे का?” एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जी दया होती तिच्यापेक्षा त्याने ओरडलेलं परवडलं असतं. मग तो केतकीकडे वळला.

तिने दुसऱ्या टीमचा प्रोग्राम परवानगीशिवाय घरी नेला होता. आपलं काम दुसऱ्याच्या नावाने चढवायला दिलं होतं. लिंक मुद्दाम अडवून ठेवल्या होत्या, त्यामुळे तीन टीम आणखी आठवडाभर अंधारात राहिल्या होत्या. ती अजून नोकरीत कायम झालेली नव्हती. अभयने तिची बाजू घेतली असं नंतर कळलं, तरी वरून लेखी ताकीद आली आणि तिचं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. मला ताकीद आली नाही. माझी इतकी वर्षांची नोकरी होती. मला फक्त त्या टिकेटवरून बाजूला केलं.

त्या सोमवारी संध्याकाळी ती बसने गेली नाही. पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी उभी होती. आम्ही आत बसलो. मी किल्ली फिरवली नाही.

“मी तुझं नाव सांगायला नको होतं,” मी म्हणालो. “पण तुझं काम माझ्या नावावर मला खपवता येईना.”

“सकाळपर्यंत तर खपवत होतात.”

मी चष्मा काढून पुसू लागलो.

“मला विचारलंत तुम्ही, सांगण्याआधी?” ती म्हणाली. “तुम्हाला सुटायचं होतं, तुम्ही सुटलात. परवा अभय मला सगळ्यांसमोर बोलत होता तेव्हा मात्र तुम्ही बसून राहिलात. तेव्हा बोलायचं होतं, बाबा.”

“हो.”

“आणि मी हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका.” तिचा आवाज चिरकला. “अभयसमोर कुणी बोलत नाही, पण आमच्या टीममध्ये तुम्हाला काय म्हणतात माहितीये? ‘लाल सिग्नल.’ ढवळे कुठे अडलेत, ढवळे कधी सुटणार, रोज चालायचं. कुणीतरी मला विचारलं, आडनाव एकच, नात्यातले का गं? मी म्हटलं, छे, आमच्याकडे ढवळे पैशाला पासरी आहेत. आणि त्यांच्याबरोबर हसले. म्हणून बसने येत होते मी. म्हणून लिहिलं ते सगळं. तुमचं टिकेट हिरवं झालं असतं तर तुम्ही माझे बाबा आहात हे मला कधीतरी सांगता आलं असतं.”

ती रडायला लागली. मी हात पुढे केला, पण या वेळी तो तिच्या डोक्यापर्यंत नेण्याचा धीर झाला नाही. तो गिअरवर ठेवला. इतके दिवस मी माझं तोंड तिच्यापासून लपवत होतो, आणि ती माझं तोंड जगापासून लपवत होती. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून.

घरी गेल्यावर नलिनीने विचारलं, “आज दोघं बरोबर कसे काय?” मी तिला सगळं सांगितलं, केतकी समोर असतानाच. नलिनी म्हणाली, “अहो, मला तरी सांगायचं,” आणि उठून केतकीच्या खोलीत गेली.

त्या आठवड्याच्या शेवटी अभयने एक बैठक लावली. केतकीने लिहिलेला प्रोग्राम त्याने स्वीकारला होता, आता तिच्याच नावाने, आणि दुसऱ्या एका अनुभवी मुलाला तिच्याबरोबर दिलं होतं. त्यांना जुने नियम समजून घ्यायचे होते म्हणून मला बोलावलं. मी जायला तयार नव्हतो. अभय स्वतः घ्यायला आला.

मी टेबलाच्या टोकाला बसलो. त्यांनी विचारलं, मी सांगत गेलो. पूल किती पाण्याला बुडतो हे कसं ठरवलं, घाटात रात्री अंतर वेगळं का धरायचं, ड्रायव्हर जेवायला कुठे थांबतात. बोलताना मी केतकीकडे बघायचं टाळत होतो. ती समोर बसून सगळं टाइप करून घेत होती.

“आणि सर,” त्या मुलाने विचारलं, “एखादी गाडी निघाली आणि वाटेत तिचं नेटवर्क गेलं, तर नव्या पद्धतीत ते कसं धरायचं?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“ओके,” तो म्हणाला आणि पुढचा प्रश्न विचारला.

कुणी चमकलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. अभय फोनवर काहीतरी वाचत होता. जे तीन शब्द तोंडातून निघू नयेत म्हणून मी महिनोन्‌महिने जिवाचा आटापिटा केला होता, ते टेबलावर पडले आणि त्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.

फक्त केतकीची बोटं थांबली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. मग तिने मान खाली घातली आणि पुन्हा टाइप करू लागली.